तार वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबते : पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे
प्रत माहितीसाठी : मा. सचिव, अल्पसंख्याक विकास विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : ब्रॉडबँडच्या सरकारी भागीदारीत पूर्व पुण्यातल्या अल्पसंख्याक वस्त्यांना सहीचा हक्क मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना ती डोळ्यांसमोर राहील. महापालिका यापुढे इंटरनेटसाठी ज्या कुणाशी करार करील, मग ती खासगी कंपनी असो, राज्य सरकार असो की केंद्राचा निधी, त्या करारावर ज्या वस्तीसाठी इंटरनेट आणायचे तिथल्या एका संस्थेची सही असावी. अभ्यासिका, उर्दू शाळेची व्यवस्थापन समिती, बुद्धविहाराचा ट्रस्ट, चर्चच्या आवारातले मंडळ, बचत गटांचा संघ, यांपैकी जे तिथे वर्षानुवर्षे टिकून आहे ते. आणि फायबरचे, म्हणजे वेगवान इंटरनेटच्या तारेचे, शेवटचे टोक त्याच संस्थेच्या खोलीत यावे.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. आता भवानी पेठेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांचे आणि त्यांच्या आयांचे ऑनलाइन अर्ज भरायला बसते. या पत्रातले बरेचसे त्या टेबलावर कळलेले आहे.

शंकरशेठ रस्ता, नेहरू रस्ता, पुणे स्टेशनचा परिसर. या रस्त्यांवर फायबरच्या चेंबरची झाकणे रोज आपल्या पायाखाली येतात. याच रस्त्यांना लागून काशेवाडी आहे, लोहियानगर आहे, स्टेशनला टेकून ताडीवाला रस्त्याची वस्ती आहे. रस्त्यावरच्या सोसायटीत शंभर-दोनशे एमबीपीएसचे कनेक्शन फोन केल्यावर एक-दोन दिवसांत बसते. तिथून गल्लीत आत वळले, की कंपनीचा माणूस सांगतो, ‘फिजिबल नाही,’ म्हणजे जमण्यासारखे नाही. तोच शब्द कोंढव्यात मिठानगरच्या मागच्या गल्ल्यांत ऐकायला मिळतो आणि हडपसरला रामटेकडीवरही. परम महासंगणक ज्या शहरात बांधला गेला, त्या शहरातली ही गोष्ट आहे.

फिजिबल का नाही, हे मी कंपन्यांच्या तरुण तंत्रज्ञांनाच विचारले. ते मोकळेपणाने बोलतात. गल्ली तीन-चार फूट रुंद, खांब नाही, तार घरांच्या पत्र्यांवरून न्यावी लागते, कुणी कौले बदलायला चढले की तुटते. घर भाड्याचे, करारनामा नाही, वस्ती अघोषित, म्हणजे सरकारने झोपडपट्टी म्हणून जाहीर न केलेली, असेल तर पत्त्याचा पुरावाही नाही. शंभर घरांमागे किती जण पुढचे बारा महिने बिल भरतील याचा हिशेब कंपनी करते आणि जोडणीचा डबा मुख्य रस्त्यावरच लावून परत जाते. मग त्या डब्यावरून एखादा केबलवाला तार ओढतो आणि एक कनेक्शन आठ-दहा घरांत वाटतो. चालते तेव्हा चालते. तक्रार करायला पावती नसते. कंपनीने आपला धंदा पाहावा, त्यात मला काही गैर वाटत नाही. जिथे धंद्याचा हिशेब बसत नाही तिथे सरकारने भागीदार म्हणून उभे राहायचे असते, आणि पुण्यात सरकार तिथे उभे नाही, हे माझे म्हणणे आहे.

‘आता तर सगळ्यांकडे मोबाइल आहे,’ हे उत्तर मला फार वेळा मिळाले आहे. मोबाइल आहे, खरे आहे. मार्च २०२५ अखेर भारतात ब्रॉडबँडचे ९४ कोटींच्या आसपास ग्राहक मोजले गेले, त्यांतले जेमतेम चार कोटी तारेवरचे. बाकी सगळे मोबाइलवर. पण ज्या घरात पाच माणसांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो घेऊन वडील सकाळी आठला टेम्पोवर जातात, त्या घराला जोडलेले म्हणायचे का? जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अभ्यासिकेत गर्दी वाढते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांत हेच प्रमाण ३३ टक्के. घरातला फोन कुणाच्या खिशात असतो, ते या दोन आकड्यांवरून समजते.

आणि मोबाइलवर कामे होतात तरी किती? अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे, मागच्या वर्षीचे कटऑफ शेजारी उघडून ताडून पाहायचे, हे पाच इंची पडद्यावर करून बघावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड स्कॅन करून पोर्टलला हव्या तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये बसवायचे. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज अर्ध्यात आला की सत्र संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. चुकीचा पसंतीक्रम भरला गेल्यामुळे आमच्याकडच्या एका हुशार मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाचे कॉलेज मिळाले. घरच्यांनी इतक्या लांब पाठवायला नकार दिला आणि तिचे वर्ष गेले. तो अर्ज तिने भावाच्या फोनवर, हॉटस्पॉट मागून, रात्री भरला होता.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. बाईचा ओटीपी वेगळा, नवऱ्याचा किंवा वडिलांचा वेगळा. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, नवरा गावी, साइट अडकलेली. त्याच वर्षी ६ जूनला केंद्राचे उम्मीद पोर्टल सुरू झाले आणि मशिदी, दर्गे, कब्रस्तानांच्या विश्वस्तांनी वक्फ मिळकतींची कागदपत्रे सहा महिन्यांत तिथे चढवावीत असे ठरले. जुने उर्दू, फारसी, मोडी कागद घेऊन सत्तरीतले मुतवल्ली, म्हणजे वक्फचे व्यवस्थापक, सायबर कॅफेच्या रांगेत उभे होते. सरकार माणसाला ज्या दारातून आत बोलावते, त्या दारापर्यंतचा रस्ता करणेही सरकारचेच काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ई-केवायसीच्याच संदर्भात म्हटले आहे की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

इथे एक प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे : गरिबांसाठी मागा, अल्पसंख्याकांसाठी वेगळे कशाला? प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. अल्पसंख्याक समाजातल्या सगळ्यांना याची गरज नाही. कॅम्पातल्या बंगल्यात किंवा मार्केट यार्डच्या पेढीवर इंटरनेट उत्तम चालते. पण महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार मुस्लिम ११.५ टक्के आणि बौद्ध ५.८ टक्के आहेत, आणि मुस्लिमांतले बहुसंख्य लोक शहरांत राहतात. आता सरकारचा इंटरनेटवरचा मोठा खर्च कुठे झाला ते पाहा. ऑक्टोबर २०११ मध्ये ज्या योजनेला मंजुरी मिळाली आणि जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ती अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, तेही ग्रामीण भागासाठी. खेड्यांना मिळाले याचा मला आनंद आहे. पण जो समाज शहरातल्या दाटीच्या वस्त्यांत राहतो, त्याच्याजवळून ही सगळी योजना निघून गेली. ग्रामपंचायत नाही म्हणून भारतनेट नाही, आणि सोसायटी नाही म्हणून कंपनी नाही. देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये मुस्लिमबहुल भागांतल्या पायाभूत सोयींच्या तुटवड्याबद्दल लिहिले, तेव्हा त्यात शाळा, रस्ते, पोस्ट, बस होते. आज ती यादी करायला बसले तर ब्रॉडबँड वरच्या ओळीत लिहावे लागेल. शिवाय वस्तीच्या गल्लीत तार आली की ती धर्म विचारून थांबत नाही. काशेवाडीत किंवा ताडीवाला रस्त्यावर मातंग, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, मराठा घरे एकाच भिंतीला लागून आहेत. अल्पसंख्याक विकास विभागाच्या दारातून आलेली सोय त्या सगळ्यांच्या मुलांना मिळेल.

पुण्याने याआधी भागीदाऱ्या केल्या नाहीत असे नाही. स्मार्ट सिटी मोहिमेच्या कामांचा शुभारंभ २५ जून २०१६ रोजी याच शहरातून झाला आणि त्यात औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग निवडला गेला. २०१८ मध्ये गूगल आणि इतर कंपन्यांबरोबर शहरात सुमारे दीडशे ठिकाणी मोफत वायफाय सुरू झाले. उद्याने, दवाखाने, पोलिस ठाणी, सरकारी कार्यालये अशा त्या जागा होत्या. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, मोबाइल डेटा स्वस्त झाला असे सांगून गूगलने आपला हा जगभरचा कार्यक्रम आवरता घेतला. स्मार्ट सिटी मोहीमही ३१ मार्च २०२५ ला संपली. या सगळ्यात कुणाची बेइमानी होती असे मी म्हणत नाही. मला त्यात एक गोष्ट दिसते : करार वरच्या पातळीवरच झाले. कंपनीला वाटले तेव्हा ती आली, हिशेब बदलला तेव्हा गेली, आणि ज्यांनी ती सोय वापरली त्यांना ‘थांबा’ म्हणायची कागदावर कुठेच जागा नव्हती. उद्यानातल्या बाकावर मिळणारे वायफाय तरुण मुलाच्या उपयोगाचे; रात्री आठनंतर बारावीची मुलगी उद्यानात बसून परीक्षेचा फॉर्म भरणार नाही. हे करार लिहिताना त्या मुलीच्या आईला विचारले असते, तर जागांची यादी वेगळी झाली असती.

आता एक उदाहरण बाहेरच्या देशाचे देते, कारण त्यात शिकण्यासारखे आहे आणि सावध होण्यासारखेही. अमेरिकेच्या संसदेने डिसेंबर २०२० मध्ये एका कायद्याने अल्पसंख्याक समाजांच्या ब्रॉडबँडसाठी त्यांच्या वाणिज्य खात्यात वेगळे कार्यालय उघडायला लावले आणि ‘कनेक्टिंग मायनॉरिटी कम्युनिटीज’ नावाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. २६ कोटी ८० लाख डॉलरचे अनुदान. हा पैसा टेलिकॉम कंपन्यांना थेट दिला गेला नाही. तो कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक कॉलेजे, आदिवासी जमातींची कॉलेजे आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्था यांच्याकडे गेला. त्या कॉलेजांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि कॉलेजपासून १५ मैलांच्या आतल्या गरीब वस्त्यांना जोडायचे, उपकरणे द्यायची, वापरायला शिकवणारी माणसे नेमायची. जिच्यावर समाजाचा आधीपासून विश्वास आहे त्या संस्थेच्या हाती दोर द्यायचा, ही त्यामागची समज मला फार पटते.

सावध कशासाठी व्हायचे, तेही तिथेच दिसते. त्याच देशाने गरीब कुटुंबांच्या इंटरनेट बिलात महिन्याला ३० डॉलरची सूट देणारी योजना चालवली. २ कोटी ३० लाख कुटुंबे तिच्यात आली. संसदेने पुढचा निधी मंजूर केला नाही आणि १ जून २०२४ ला सूट बंद झाली. मे २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी डिजिटल समानतेच्या कायद्याखालची अनुदानेही थांबवली. म्हणजे बिलातली सूट एका सहीने जाते. जमिनीखाली टाकलेली तार, कॉलेजात बसवलेले यंत्र, शिकून तयार झालेली माणसे, ही एका सहीने उखडता येत नाहीत. म्हणून आम्ही मोफत रिचार्ज मागत नाही. आम्हाला खोलीपर्यंत तार हवी आहे.

आपल्याच देशात केरळने ५ जून २०२३ रोजी के-फोन हे राज्याचे स्वतःचे फायबरचे जाळे सुरू केले. राज्याच्या वीज मंडळाची त्यात भागीदारी आहे, त्यामुळे विजेच्या खांबांवरून तार जाते आणि खोदाईचा मोठा खर्च वाचतो. गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देताना पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून १०० घरे, अशी १४,००० घरे धरली गेली. तिथे उशीर झाले, टीकाही झाली. तरी खांब कुणाचे, तार कुणाची, जोडणी कुणाला, हे तीन प्रश्न एकाच टेबलावर आले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे खांबाची फाइल विद्युत विभागात, खोदाईची पथ विभागात आणि वस्तीची समाज विकास विभागात, आणि त्या तिन्ही एकमेकींना भेटत नाहीत.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर आता कायद्यात आहे आणि त्याकडे आपले लक्ष मुद्दाम वेधायचे आहे. टेलिकॉम कंपन्या आपल्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम केंद्राच्या सार्वत्रिक सेवा निधीत भरतात. शेवटी तो आपल्या सगळ्यांच्या रिचार्जमधलाच पैसा. जुन्या कायद्यात हा निधी ग्रामीण आणि दुर्गम भागांच्या नावाने बांधलेला होता. दूरसंचार कायदा, २०२३ ने त्याचे नाव डिजिटल भारत निधी केले आणि कलम २५ मध्ये सेवा अपुरी असलेल्या ग्रामीण, दुर्गम ‘आणि शहरी’ भागांचा समावेश केला. हे कलम २६ जून २०२४ पासून, म्हणजे शाहू महाराजांच्या जयंतीपासून लागू आहे. शहरी वस्तीसाठी हा दरवाजा कायद्याने उघडला आहे. त्यातून आत जाणारा प्रस्ताव पुण्याने करावा. काशेवाडी, लोहियानगर, ताडीवाला रस्ता, रामटेकडी, कोंढव्याच्या आतल्या गल्ल्या यांचे सर्वेक्षण महापालिकेने करावे, सेवा कुठे पोहोचत नाही त्याचा नकाशा बनवावा आणि राज्यामार्फत केंद्राकडे पाठवावा. अल्पसंख्याक विकास विभागाला मी हेच विनवते. प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमातून अल्पसंख्याक भागांत शाळेच्या खोल्या, वसतिगृहे, सद्भाव मंडप बांधले जातात. अशा प्रत्येक नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात फायबर आणि वायरिंगची ओळ सुरुवातीलाच घालावी. भिंती उभ्या राहिल्यावर ती घालायची म्हटली की पुन्हा नवी फाइल.

खोदाईबद्दल. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे तारांसाठी रस्ता खोदण्याच्या आणि जागा वापरण्याच्या हक्काचे, नवे नियम लागू झाले आहेत. कंपन्यांना परवानगी ठरावीक मुदतीत द्यावी लागते आणि शुल्कावरही मर्यादा आहेत. त्यामुळे ‘परवानगी हवी तर वस्तीला तार द्या’ अशी अट महापालिकेला सहज घालता येणार नाही, हे मी समजू शकते. पण महापालिकेचा स्वतःचा डक्ट, म्हणजे तारांसाठी जमिनीखाली टाकलेली नळी, असेल तर तो कुणाला, कोणत्या अटीवर भाड्याने द्यायचा, हे महापालिका ठरवू शकते. समान पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांबरोबर फायबरसाठी डक्ट टाकण्याचा विचार याच महापालिकेत झाला होता, निविदांवरून मोठा वादही झाला. आज कोणत्या रस्त्याखाली महापालिकेचे किती डक्ट आहेत, त्यांतले किती रिकामे आहेत, हे जाहीर व्हावे. आणि रिकामा डक्ट घेणाऱ्या कंपनीने त्या मार्गावरच्या प्रत्येक वस्तीत एका संस्थेपर्यंत तार न्यावी, एवढी अट भाडेकरारात लिहावी.

अशी संस्था सापडेल का, ही काळजी करू नका. पूर्व पुणे अशा खोल्यांनी भरलेले आहे. कॅम्पात आझम कॅम्पस आहे. तिथली महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी १९४८ पासून चालते आणि भवानी पेठेतली मुले तिथे पायी जातात. ताडीवाला रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर १९३२ साली स्थापन झालेले नौरोसजी वाडिया महाविद्यालय आहे. महापालिकेच्या स्वतःच्या उर्दू शाळा आहेत, ज्यांच्या खोल्या दुपारनंतर कुलूपबंद असतात. विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, मदरसे आहेत, जिथे मुले रोज येतात आणि आया निर्धास्त असतात. अमेरिकेत कॉलेजभोवती १५ मैल धरले. आमच्या दाटीत चार गल्ल्या धरल्या तरी हजार घरे होतात. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. शहरात पाणी होते. ते कुणाच्या आवारात आहे आणि तिथे पाय ठेवायला कुणाला मुभा आहे, हा तेव्हाचा प्रश्न होता. फायबर कुणाच्या आवारात उतरते, हा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो आणि तो याच पेठांमध्ये उभा आहे.

खोलीत तार आली की काम संपले, असे मात्र समजू नये. तिथे माणूस लागतो, आणि या मुद्द्यावर मी हट्टाने बोलणार आहे. संगणक देऊन उद्घाटन करून गेलेल्या किती योजना धूळ खात पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत! संध्याकाळी चार तास बसणारी, मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही बोलणारी, वस्तीतलीच एक मुलगी मानधनावर नेमा. बारावी झालेल्या, एमएससीआयटी केलेल्या अशा मुली आमच्याकडे आहेत आणि त्यांना घराजवळचे काम हवे आहे. बाई अर्ज भरायला येते तेव्हा नवऱ्याने टाकल्याचे, दाखला नसल्याचे, कर्जाचे बोलणे निघते. हे ती काउंटरवरच्या अनोळखी पुरुषापाशी बोलत नाही; आधार नंबर आणि ओटीपी तेवढे त्याच्या हातात देऊन येते. फसवणूक तिथेच सुरू होते.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना यासाठी उपयोगी पडेल. तिच्यात कुणीही किराणा दुकानदार किंवा बचत गट परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवून पाच-दहा रुपयांत डेटा विकू शकतो. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. २०२५ उजाडले तरी संख्या काही लाखांतच राहिली. मोठे कारण असे, की छोट्या दुकानदाराकडून कंपन्या महागड्या व्यापारी लाइनचे पैसे मागत. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ठरवून दिले, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येणार नाही. आता बचत गटांचा हिशेब बसू शकतो. पहिल्या वर्षाचे लाइनभाडे महापालिकेने भरावे, पुढे गट आपल्या कमाईतून चालवतील.

एक नाजूक गोष्टही लिहिली पाहिजे. वस्तीतले तरुण मला विचारतात, ‘मॅडम, या वायफायवर आम्ही काय बघतो ते कोण बघणार?’ मुस्लिम मोहल्ल्यात हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्या खांबावर वायफाय आहे त्याच खांबावर कॅमेरा बसवला, तर मुले तिथे बसणार नाहीत आणि आम्ही त्यांना समजावूही शकणार नाही. लॉगिनसाठी कायद्याने लागते तेवढीच माहिती घ्यावी, ती किती दिवस ठेवणार हे खोलीच्या दारावर तिन्ही भाषांत लिहावे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे पद तिथेच लिहावे. वस्तीची सही करारावर हवी असे मी म्हणते त्याचे हेही एक कारण आहे. ज्याची सही आहे तो विचारू शकतो.

करारात आणखी काही गोष्टी उघड लिहिल्या जाव्यात. तार तुटली तर किती तासांत जोडणार आणि न जोडल्यास कंपनीच्या बिलातून किती कापणार. वीजबिल कुणी भरायचे. आमच्या अनुभवात अभ्यासिका वीजबिलावरून बंद पडतात. कराराची मुदत निदान पाच वर्षे, आणि तो संपायच्या सहा महिने आधी वस्तीच्या संस्थेला लेखी सूचना. कंपनी निघून गेली तर तार आणि यंत्रे कुणाच्या मालकीची राहणार. माझ्या मते ती महापालिकेच्या मालकीची आणि संस्थेच्या ताब्यात राहावीत. वेग मोजून दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावा. केंद्राच्या व्याख्येत जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. वीस मुले एका खोलीत बसणार असतील तर तेवढ्याने भागणार नाही. निदान १०० एमबीपीएसची लाइन लिहून घ्यावी.

सुरुवात लहान करा. भवानी पेठ, ढोले पाटील रोड, वानवडी-रामटेकडी आणि कोंढवा-येवलेवाडी, या चार क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीत प्रत्येकी पाच खोल्या. एका वर्षात ते उभे राहू शकते.

पावसाळ्याआधी रस्तेखोदाईची परवानगी थांबते. त्यानंतर तार टाकायचे काम थेट दिवाळीपर्यंत लांबते, आणि मधल्या काळात अकरावीचे प्रवेश, सीईटीच्या फेऱ्या, शिष्यवृत्त्यांचे अर्ज होऊन जातात. म्हणून विनंती आहे की एप्रिल उजाडायच्या आत भवानी पेठ क्षेत्रीय कार्यालयात एक बैठक लावावी. तिला पथ, विद्युत, समाज विकास आणि माहिती तंत्रज्ञान या चारही विभागांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी असावेत, आणि अल्पसंख्याक विकास विभागाचा प्रतिनिधी असावा. वीस खोल्यांची यादी, प्रत्येक खोलीच्या मालकाचे संमतीपत्र आणि मुख्य रस्त्यावरच्या जवळच्या चेंबरपासून तिचे मोजलेले अंतर, एवढे आम्ही घेऊन येऊ. शुक्रवारी दुपारची नमाज आणि रविवारी सकाळची प्रार्थना असते. त्या वेळा सोडून कोणताही दिवस ठरवावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, भवानी पेठ, पुणे